चॅनेल 47 सरकारचं नव्हतं आणि ते बंदही पडलेलं नाही

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला पाच ग्रुपांवर आला. दोन ग्रुप इथले, टोरोंटोच्या आसपासच्या मराठी मंडळींचे, तीन पुण्याकडचे. मजकूर छोटा आहे, म्हणून आधी तो जसा आला तसा देतो:

"1979 साली कॅनडा सरकारने बाहेरून आलेल्या लोकांची मतं मिळवण्यासाठी टोरोंटोत त्यांच्या-त्यांच्या भाषेतलं टीव्ही केंद्र काढलं. 36 वर्षं ते करदात्यांच्या पैशावर पोसलं. लोक आपापल्या भाषेत रमले आणि इंग्रजी शिकलेच नाहीत. शेवटी कुणी बघेना म्हणून 2015 मध्ये ते बंद पडलं. भाषांचे लाड करणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा."

पाच वाक्यांत चार चुका बसवायला कसब लागतं. पाचवं वाक्य मत आहे, ते ज्याचं त्याला लखलाभ. बाकीची चार मात्र एकेक करून बघू.

"सरकारने काढलं"

हे केंद्र म्हणजे सीएफएमटी, टोरोंटोचं चॅनेल 47. ते 3 सप्टेंबर 1979 ला सुरू झालं, लेबर डेच्या सुट्टीच्या सोमवारी. काढणारा माणूस डॅन इयानुझी. मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेला, इटालियन वंशाचा, पेशाने वर्तमानपत्रवाला. 1954 पासून 'कोरिएरे कानादेझे' हे इटालियन वर्तमानपत्र तो चालवत होता. सरकारी खात्याशी त्याचा संबंध इतकाच की प्रसारणाचा परवाना सीआरटीसीकडून, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाकडून, घ्यावा लागतो. तो तर कॅनडातल्या प्रत्येक खाजगी केंद्राला घ्यावाच लागतो. रिक्षाला परमिट आरटीओ देतं म्हणून रिक्षा सरकारची होत नाही.

त्याच्याही आधी असा उद्योग करणारे लोक टोरोंटोत होते. जॉनी लोम्बार्डी हा किराणा दुकानदार. त्याने 1966 मध्ये चिन रेडिओ सुरू केला आणि एकाच स्टेशनवर कितीतरी भाषा आणल्या. टीव्हीवर मात्र अशा कार्यक्रमांना दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागे. वेळ विकत घ्यायची, तीही अडनिड्या तासांची, आणि जाहिराती आपल्या आपण गोळा करायच्या. इयानुझीचं म्हणणं होतं की दिवसभर हेच करणारं केंद्र हवं. कॅनडातलं तसं ते पहिलंच.

आता "मतं मिळवण्यासाठी". बहुसांस्कृतिक धोरण पिएर त्रुदो यांनी 8 ऑक्टोबर 1971 ला संसदेत जाहीर केलं. ते लिबरल पक्षाचे. चॅनेल 47 सुरू झालं त्या सप्टेंबरात पंतप्रधान होते जो क्लार्क, प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे, आणि त्यांचं सरकार जेमतेम नऊ महिने टिकलं. हा मतांचा डाव असेल तर इतका गबाळा डाव कुणी खेळल्याचं मी ऐकलेलं नाही. धोरण एकाचं, उद्‌घाटन दुसऱ्याच्या कारकिर्दीत आणि गुंतवणूक तिसऱ्याच्या खिशातली.

"करदात्यांच्या पैशावर पोसलं"

खरी गंमत इथे आहे, कारण हे केंद्र कोणाच्या पैशावर चाललं हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. करदात्यांचा पैसा घेणारं टीव्ही कॅनडात आहे, त्याचं नाव सीबीसी. चॅनेल 47 जाहिरातींवर चालायचं. नुसतं इटालियन, पोर्तुगीज, ग्रीक कार्यक्रमांच्या जाहिरातींवर मात्र पोट भरत नव्हतं. पहिली काही वर्षं केंद्र तोट्यात गेलं आणि 1986 मध्ये इयानुझीला ते सोडावं लागलं. घेतलं रॉजर्सने, म्हणजे केबलच्या धंद्यातल्या बड्या कंपनीने. सरकार पोसत असतं तर ही वेळ आली नसती, एवढं तर मजकूर लिहिणाऱ्यालाही पटावं.

मग रॉजर्सला ते कसं परवडलं? सीआरटीसीने 1985 मध्ये अशा केंद्रांसाठी धोरण आखलं आणि 1999 मध्ये ते सुधारलं. त्याचा गाभा असा: वेळापत्रकातला किमान 60 टक्के वेळ वेगवेगळ्या वांशिक समाजांसाठीच्या कार्यक्रमांना द्यायचा आणि किमान निम्मा वेळ इंग्रजी, फ्रेंच व इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा सोडून इतर भाषांना. उरलेल्या 40 टक्क्यांत काय दाखवायचं ते केंद्राने ठरवायचं. केंद्राने ठरवलं: अमेरिकन मालिका.

मी 2003 मध्ये इथे आलो तेव्हा हे वेळापत्रक बघून चक्रावलो होतो. एखाद्या पोर्तुगीज बाईंनी गंभीर चेहऱ्याने बातम्या संपवाव्यात आणि थोड्या वेळाने त्याच चॅनेलवर पिवळ्या तोंडाचा होमर सिम्पसन यावा. रात्री उशिरा डेव्हिड लेटरमन. मला वाटलं, केबलवाल्याने दोन चॅनेल एकात मिसळले. मिसळ होती खरी, पण ठरवून केलेली. सिम्पसन आणि लेटरमनच्या जाहिरातींतून जो गल्ला जमायचा, त्यातून पोर्तुगीज बाईंचा आणि त्यांच्या कॅमेरामनचा पगार निघायचा.

त्यात कॅनडाच्या एका नियमाची मदत होती. टोरोंटोच्या पलीकडे तळं आणि तळ्यापलीकडे अमेरिकेतलं बफेलो. तिथली चॅनेलं इकडे सहज दिसतात. तेव्हा कॅनडातलं एखादं केंद्र तोच अमेरिकन कार्यक्रम त्याच वेळी दाखवत असेल, तर केबल कंपनीने अमेरिकन चॅनेलवरही कॅनडातल्या केंद्राचंच प्रक्षेपण लावायचं, त्याच्या जाहिरातींसकट. प्रेक्षकाला वाटतं आपण बफेलोचं चॅनेल बघतोय, आणि जाहिरात दिसते टोरोंटोशेजारच्या मिसिसागातल्या गाड्यांच्या शोरूमची. हा नियम पुष्कळांना आवडत नाही. मलाही सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, वेळी आवडायचा नाही. पण या असल्या नियमांच्या आधारानेच अमेरिकन मालिका दाखवणं इथल्या केंद्रांना फायद्याचं पडायचं.

या जोरावर केंद्र वाढलं. 16 सप्टेंबर 2002 ला दुसरं केंद्र निघालं, सीजेएमटी. आता दोन्हींचं नाव ऑम्नी: जुनं, म्हणजे चॅनेल 47, झालं ऑम्नी-1, त्यावर मुख्यतः युरोपीय आणि लॅटिन अमेरिकन समाज. नवं ऑम्नी-2, त्यावर आपण, म्हणजे दक्षिण आशियाई, शिवाय चिनी आणि इतर. 2008 मध्ये व्हँकूवरचं असंच एक केंद्र रॉजर्सने घेतलं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. 2017 पासून ऑम्नी प्रत्येक केबल आणि सॅटेलाइट ग्राहकाच्या मूळ पॅकेजमध्ये सक्तीने असतं आणि त्यापोटी दर ग्राहकामागे महिन्याला 12 सेंट ऑम्नीला मिळू लागले. 2020 पासून ते 19 सेंट झाले. नको म्हणायची सोय नाही. ज्याला ही सक्ती खटकते त्याच्याशी मी वाद घालणार नाही, तो मुद्दा बोलण्यासारखा आहे. पण हा ग्राहकाच्या बिलातला पैसा, कराचा नव्हे. आणि तो सुरू झाला केंद्र 38 वर्षांचं झाल्यावर.

"इंग्रजी शिकलेच नाहीत"

इथे आल्यावर मी टोरोंटोजवळच्या वुडब्रिजमध्ये एका घराच्या बेसमेंटमध्ये राहायचो. घरमालकीण इटालियन आजी, सत्तरी ओलांडलेली. ती पन्नासच्या दशकात आलेली. शिवणाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, इंग्रजी कामापुरतं. चॅनेल 47 सुरू झालं तेव्हा तिला इथे येऊन वीसेक वर्षं झाली होती. म्हणजे तिचं इंग्रजी जे काय कच्चं राहिलं त्याचा दोष या केंद्राला देता येत नाही, तो कारखान्यातल्या बारा तासांच्या पाळीला द्यायला हवा. संध्याकाळी इटालियन बातम्या लागल्या की वरून आवाज इतका यायचा की मला खाली बसून ऑन्टारियोच्या, म्हणजे इथल्या प्रांताच्या, राजकारणातली इटालियन नावं पाठ झाली. लक्षात घ्या, ऑन्टारियोच्या. रोमची खबर असायची, पण बराचसा वेळ इथल्याच गोष्टींवर जायचा: निवडणूक, घरपट्टी, पेन्शनचे अर्ज, संप. निवडणुकीआधी कुठला उमेदवार काय म्हणाला हे ती मला सांगायची. तेव्हा मला मताचा अधिकारही नव्हता आणि त्या उमेदवारांतला एकही माहीत नव्हता.

तिची नातवंडं इटालियन बोलत नसत. तिची तक्रार इंग्रजी येत नाही ही कधीच नव्हती, घरातलं इटालियन चाललं ही होती. आपल्याकडे ज्यांची मुलं इथे वाढली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि ऑम्नीवरच्या दक्षिण आशियाई बातम्या बरीच वर्षं चक्क इंग्रजीत असायच्या, हे मजकूरवाल्याच्या गावीही नाही.

याच मुद्द्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आइस हॉकीचं पंजाबी समालोचन सीबीसीने 2008 मध्ये सुरू केलं आणि 2014 पासून ते ऑम्नीवर आलं. 30 मे 2016, एनएचएल या आइस हॉकी लीगच्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीचा पहिला सामना, पिट्सबर्ग विरुद्ध सान होजे. सामना 2-2 असा अडकलेला, शेवटची अडीच मिनिटं राहिलेली, आणि पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल मारला. समालोचक हरनारायण सिंग यांनी वाक्यबिक्य काही केलं नाही. त्यांनी "बोनिनो, बोनिनो, बोनिनो" असं एका दमात, सूर चढवत चढवत इतक्या वेळा म्हटलं की ती क्लिप पंजाबीचा गंध नसलेल्या लोकांनी जगभर फिरवली. पिट्सबर्गने कप जिंकला आणि विजयाच्या सोहळ्याला या पंजाबी चमूला आमंत्रण दिलं. सिंग यांचा जन्म कॅनडातल्याच अल्बर्टा प्रांतातला. त्याच वर्षी ते एनएचएलच्या इंग्रजी प्रक्षेपणातही दिसले. "आपल्या भाषेत रमून इंग्रजी न शिकलेला" माणूस तो हाच असावा.

"कुणी बघेना म्हणून बंद पडलं"

7 मे 2015 ला रॉजर्सने ऑम्नीच्या इटालियन, पंजाबी, कँटोनीज आणि मँडरिन बातम्या बंद केल्या. 110 नोकऱ्या गेल्या. एवढं खरं. पण केंद्र बंद झालं नाही, बातम्यांच्या जागी त्याच भाषांत चर्चेचे कार्यक्रम आले. स्वस्तात होतात ते, चार खुर्च्या आणि एक टेबल. बाहेर जाऊन कॅमेरा लावणं, नगरपालिकेच्या बैठकीला तासन्‌तास बसणं, हे त्यात नसतं. अल्बर्टातल्या स्थानिक निर्मितीवर तर 2013 मध्येच कात्री चालली होती.

कारण? पुन्हा त्या 40 टक्क्यांकडे या. 2007 मध्ये रॉजर्सने सिटीटीव्ही विकत घेतलं. एकाच मालकाकडे आता मुख्य प्रवाहातलं इंग्रजी केंद्रही आलं. चांगल्या अमेरिकन मालिका मग तो ऑम्नीवर कशाला ठेवील? त्यावर 2008 ची मंदी. त्याआधीच डिसेंबर 2004 मध्ये सीआरटीसीने परदेशी भाषिक चॅनेलांना येण्याची वाट सोपी केली होती, त्यामुळे आपल्या मंडळींच्या घरात थेट भारतातली चॅनेलं आली. मग इंटरनेट. जाहिराती सगळीकडूनच आटल्या. पण सर्वांत आधी काढलं गेलं ते इंजिन, म्हणजे अमेरिकन मालिका. डबे जागेवर थांबले म्हणून प्रवासी नव्हते असं म्हणायचं का?

प्रवासी होते हे त्या जूनमध्येच दिसलं. लोक रस्त्यावर आले, कामगार संघटना उभी राहिली, आणि संसदेच्या हेरिटेज समितीने रॉजर्सच्या वरिष्ठांना बोलावून जाब विचारला. कुणी बघत नसलेल्या चॅनेलसाठी खासदार एवढी तोशीस घेत नाहीत. निवडणूक चार महिन्यांवर होती हेही खरं.

रॉजर्सला मी साधू मानत नाही. 2017 मध्ये सक्तीच्या पैशाच्या बदल्यात चारही भाषांतल्या बातम्या पुन्हा द्यायच्या असं ठरलं आणि 1 सप्टेंबरपासून ते अमलात आलं. पण कँटोनीज आणि मँडरिन बातम्या करण्याचं काम कंपनीने बाहेर, फेअरचाइल्ड टीव्ही या चिनी भाषांतल्या चॅनेलला दिलं. त्यावर संघटनेने रास्त ओरड केली. बातम्यांसाठी पैसे घ्यायचे आणि बातमीदार दुसऱ्याचे वापरायचे, हे मलाही पटलेलं नाही. पुढे अरबी आणि फिलिपिनो बातम्याही सुरू झाल्या.

मजकुरातला "बंद पडलं" हा शब्द इतका ठाम आहे की परवा मलाच शंका आली. अडगळीतली जुनी अँटेना काढली, खिडकीला टेकवली आणि टीव्हीला शोध घ्यायला लावलं. 47.1 लागलं. चित्र जरा फुटत होतं, अँटेना डावीकडे सरकवल्यावर स्थिर झालं.