‘मशीन नाही, शेक नाही, नुसती मान डोलवायला लावतात’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी तीन आठवडे येऊनही शेक किंवा ट्रॅक्शन (मशीनने मान हळूहळू ओढणं) दिलं नाही, नुसते व्यायाम करून घेतले आणि रबर बँड सुरू झाल्यावर मान जास्तच दुखली, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या तपासणीचा तपशील इथे उघड करणार नाही. पण व्यायामच का, हे सांगायलाच हवं.

शेकाने आराम पडतो, पण तो काही तासांचा. मान तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल तर मणक्यांना लागून असलेले पुढचे खोल स्नायू बऱ्याचदा मंदावलेले असतात. मग कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा जाड स्नायू त्यांचंही काम ओढतो आणि थकतो. शेकाने हे बदलत नाही.

म्हणून ती हनुवटीची हालचाल. उताणं झोपून, डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवून, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घ्यायची. 10 सेकंद धरायची, असं 10 वेळा. डोकं उचलायचं नाही, टॉवेलवर दाबायचंही नाही. बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा: तो जाड स्नायू टरारून वर आला, दात आवळले गेले किंवा श्वास अडकला, तर जोर जास्त होतोय. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण व्यायाम फारच सोपा वाटतो.

पण नुसत्या त्यावर थांबून चालत नाही, ताकद वाढवावीच लागते. बँड किंवा डंबेलने मान आणि खांद्याचे व्यायाम, 8 ते 12 वेळा, दोन-तीन सेट, एक दिवसाआड. शेवटचे दोन जड जायला हवेत. फिनलंडमध्ये 180 महिलांवर वर्षभर चाललेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुख्यतः स्ट्रेचिंग करणाऱ्या गटापेक्षा ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं.

बँड सुरू झाल्यावर एक-दोन दिवस रग लागणं अपेक्षित आहे. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्वपदावर आलं, तर तेच वजन चालू ठेवा. त्यापुढे गेलं तर वेळा निम्म्या करा. पूर्ण बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फरक साधारण सहा ते बारा आठवड्यांत कळतो, त्यामुळे तीन आठवडे खरंच कमी आहेत.

मात्र हातातली ताकद कमी होणं, बटण लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा विनाकारण वजन घटणं, यातलं काही असेल तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

व्यायामाआधी दहा मिनिटं शेक घ्यायचा असेल तर जरूर घ्या, आमची हरकत नाही. पुढच्या वेळी येताना घरी व्यायाम करतानाचा बाजूने काढलेला व्हिडिओ आणा. बँडचा ताण आणि खांदे कुठे वर चढतात ते त्यावरून नीट ठरवता येईल.