अपडेट बंद करा म्हणणारा मेसेज आणि अकरा तारखेचा रिस्टार्ट

परत तो मेसेज फिरायला लागलाय. मला एका आठवड्यात तीन ग्रुपवर आला, त्यातला एक घरचा ग्रुप, काकांनी पाठवलेला, खाली 'सर्वांना कळवा' आणि जोडलेले हात. ज्यांच्याकडे पोचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, म्हणणं असं आहे की विंडोज मुद्दाम ऐन कामाच्या वेळी कॉम्प्युटर रिस्टार्ट करतं, बघा बरोबर रिटर्नच्या तारखेलाच कसं होतं. तुम्ही रोज संध्याकाळी शटडाऊन करता मग वेगळा रिस्टार्ट कशाला, सगळं नाटक. चांगला अँटीव्हायरस असला की अपडेट लागत नाही. २०२४ मध्ये विमानं अडकली ती अपडेटमुळेच. अपडेट म्हणजे नवीन कॉम्प्युटर विकायचा डाव. तेव्हा सर्व्हिसेसमध्ये जा, विंडोज अपडेट डिसेबल करा आणि कायमचे मोकळे व्हा.

मी चार-पाच टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघतो, म्हणजे प्रिंटर अडकला, पेन ड्राईव्ह दिसेना, पोर्टल उघडेना (आता यात मी काय करणार) की फोन मला. हा मेसेज वाचून कोणी काही करून बसलं की निस्तरायलाही मीच, म्हणून लिहितोय.

'बरोबर रिटर्नच्या तारखेलाच' इथून सुरू करतो, कारण गंमत म्हणजे हे त्यांना दिसतंय ते खोटं नाहीये. दर महिन्याला भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख ११. आणि मायक्रोसॉफ्टचं महिन्याचं सिक्युरिटी अपडेट येतं दुसऱ्या मंगळवारी. दुसरा मंगळवार कुठल्याही महिन्यात ८ ते १४ मध्येच पडणार, कॅलेंडर घेऊन बसा पाहिजे तर. तिकडे अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या गावी मंगळवारचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा, त्यामुळे आपल्या ऑफिसात ते अपडेट उतरतं बुधवारी सकाळी मशीन चालू केल्यावर. म्हणजे ज्या आठवड्यात सगळ्या पार्ट्यांची, म्हणजे क्लायंटची, बिलं एकदम येऊन पडतात त्याच आठवड्यात. पण दुसऱ्या मंगळवारचा रिवाज ऑक्टोबर २००३ पासूनचा आहे आणि जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, तर कोणी कोणाचा मुहूर्त बघून त्रास दिला तुम्हीच ठरवा.

बरं ऐन कामातच का होतो, तर त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपल्या बाजूची आहेत. विंडोजमध्ये ॲक्टिव्ह अवर्स नावाची एक सोय आहे, २०१६ पासून, की या वेळात मी कामात असतो, आपोआप रिस्टार्ट करू नकोस. त्याची कंपनीची सेटिंग सकाळी ८ ते संध्याकाळी ५. आता मला सांगा आपल्याकडे कुठलं कन्सल्टंटचं ऑफिस पाचला बंद होतं? साडेदहाला उघडतं, चारला चहा, खरं काम सहानंतर पार्ट्या घरी जायला लागल्या की सुरू. पाचनंतर विंडोजच्या हिशोबाने तुम्ही घरी गेलेले असता. नव्या व्हर्जनमध्ये तुमची सवय बघून ही वेळ आपोआप ठरवायची सोय आहे खरी, पण एरवी सातला कुलूप आणि सप्टेंबरच्या शेवटी ऑडिटमुळे रात्री साडेअकरापर्यंत दिवे, ही सवय त्याला बिचाऱ्याला कशी कळणार. हाताने टाका. सलग १८ तासांपर्यंत टाकता येते, मी सगळीकडे सकाळी ८ ते रात्री २ टाकून ठेवतो.

दुसरं कारण मेन स्विच. जाताना आपण शटडाऊन करतो आणि वर भिंतीवरचं बटणही बंद करतो, लाईटबिल आणि शॉर्टसर्किटची भीती, चांगली सवय आहे, मीही करतो. पण विंडोजचं गणित असं की दिवसा अपडेट उतरवून ठेवायचं आणि रात्री कोणी नसताना रिस्टार्ट मारायचा. आपल्या मशीनला रात्रच नसते! ती जागी असते ते फक्त आपण समोर असताना. मग तो रिस्टार्ट पेंडिंग राहतो, कोपऱ्यात नोटीस येते, आपण ती बंद करतो, परत येते, परत बंद करतो, आणि मग एक दिवस तो जोर करतो तेव्हा आपण म्हणतो न सांगता झालं. न सांगता नाही हो, आठवडाभर सांगत होता.

यावर मेसेजचं उत्तर तयार आहे, आम्ही रोज शटडाऊन करतोच की. हे मी स्वतः एका ऑफिसात दाखवलंय. तिथल्या मॅडम म्हणाल्या दादा, मी रोज सव्वासातला मशीन बंद करून जाते, एक दिवस चुकवत नाही. मी म्हटलं टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स, त्यात सीपीयू, खाली 'अप टाईम' लिहिलेलं असतं. आकडा होता २३ दिवस आणि वर काही तास. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तो टाकलाय. तर त्याचं कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद नसतं, तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा आतला गाभा, कर्नल, जसाच्या तसा डिस्कवर एका फाईलमध्ये लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, म्हणून मशीन पटकन चालू होतं. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी ती फाईल कुठे जातेय, डिस्कवरच आहे. रिस्टार्ट केलात की मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. म्हणजे नावावरून वाटतं त्याच्या उलट आहे, शटडाऊन अर्धवट आणि रिस्टार्ट पुरता. हे मला कळायलाही बरीच वर्षं गेली, त्यामुळे मॅडमना हसलो नाही.

आणि रिस्टार्ट लागतोच का? तर विंडोजमध्ये जी फाईल वापरात आहे ती तिच्यावरच नवीन लिहून बदलता येत नाही, कुलूप असतं तिला. देवळात आरती चालू असताना गाभाऱ्यातली फरशी कशी बदलणार, लोक बाहेर पडल्यावरच बदलावी लागते, तसंच. मग कुठली फाईल कुठे बदलायची ही यादी करून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी मशीन चालू होताना, बाकी कोणी उठायच्या आत, ती कामं उरकली जातात. लिनक्समध्ये चालू फाईल बदलता येते पण कर्नलचं अपडेट आलं की तिथेही साधारण रिस्टार्टच, मॅकलाही चुकलेला नाही. मायक्रोसॉफ्टला मुद्दाम छळायचंच असतं तर एप्रिल २०२५ पासून विंडोज ११ एंटरप्राईजला हॉटपॅच कशाला दिलं असतं? त्यात एरवीची अपडेट चालू मेमरीतच बसतात आणि रिस्टार्ट फक्त जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये. ते मोठ्या कंपन्यांच्या लायसन्सवर आहे, आपल्या साध्या विंडोज होमला नाही, याचा राग येतो तो मान्य, मलाही येतो.

आता मुख्य नुस्खा, सर्व्हिस डिसेबल करा. एका ऑफिसातल्या पोराने मेसेज वाचून केलंच हे, मला न विचारता. मोठा खूश होता. काही दिवसांनी सर्व्हिस परत चालू. त्याला वाटलं व्हायरस. व्हायरस नाही, विंडोजमध्ये मेडिक सर्व्हिस म्हणून एक पहारेकरी बसवलेला आहे, त्याचं कामच हे की अपडेटची यंत्रणा कोणी मोडली तर परत उभी करायची. मग पोराने कुठून तरी एक टूल उतरवून त्या पहारेकऱ्यालाही बांधून टाकलं, आणि मग स्टोअरमधून ॲप उतरेना, डिफेंडरला (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) नवीन सिग्नेचर, म्हणजे नव्या व्हायरसची ओळख, मिळेना, आणि ते टूल कुठल्या गावचं ते त्यालाही आठवेना. ज्या मशीनवर दोनशे लोकांचे पॅन आणि पासवर्ड आहेत त्या मशीनवर! सगळं पूर्ववत करायला माझा अख्खा शनिवार गेला, आणि तुंबलेली अपडेट बसताना तीन रिस्टार्ट एकापाठोपाठ एक. जे टाळायला निघाला ते तिप्पट पदरात.

अँटीव्हायरसचं. २०१७ चं वॉनाक्राय आठवतंय का, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, स्क्रीनवर लाल चौकट आणि बिटकॉइनमध्ये पैसे द्या? ते ज्या भोकातून शिरलं, फाईल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतलं, ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं होतं. हल्ला १२ मे ला. ५९ दिवस मधे होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना (हॉस्पिटलं वगैरे चालवणाऱ्या संस्था) फटका बसला, १९ हजारांच्या वर अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या सरकारी ऑडिटमध्ये दिलाय. अँटीव्हायरस ओळखीच्या चोराला दारात अडवतो हो, पण खिडकीला गजच नसेल तर नवा चोर रोज येणार.

आता इथे नेहमी आपल्या न्हावाशेव्याचं उदाहरण देतात, जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं, ट्रकच्या रांगा लागल्या. मी ते देणार नाही, कारण ते माझ्या बाजूने पूर्ण बसत नाही. नॉटपेट्या तेच भोक वापरत होता पण चोरलेले पासवर्डही वापरत होता, त्यामुळे नेटवर्कवरच्या अपडेट केलेल्या मशीनही गेल्या, आणि मुळात तो पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणजे अपडेट हे काही गंगाजल नाही. पण त्यावरून विंडोजचं अपडेट बंद करणं म्हणजे दूध एकदा नासलं म्हणून पाणी पिणं सोडण्यातला प्रकार.

विमानांचं तर सरळ चुकीचं आहे. १९ जुलै २०२४, शुक्रवार, आपल्याकडे सकाळचे ९:३९, क्राऊडस्ट्राईक नावाच्या सिक्युरिटी कंपनीने स्वतःच्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल सोडली, ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळा एरर स्क्रीन दाखवून बंद पडल्या होत्या. इंडिगोने हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले ते फोटो सगळ्यांनी पाहिले. पण ती फाईल विंडोज अपडेटमधून आलेलीच नव्हती, तुमचं विंडोज अपडेट डिसेबल असतं तरी ती आलीच असती, आणि तुमच्या घरच्या मशीनवर क्राऊडस्ट्राईक नसतंच त्यामुळे तुम्हाला काही झालंही नाही. ज्या अँटीव्हायरसच्या भरवशावर मेसेज अपडेट सोडायला सांगतो, त्याच जातीच्या सॉफ्टवेअरने ती विमानं अडकवली, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. विंडोजच्या अपडेटने एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क) उडतात ही मेसेजला जोडून फिरणारी ऑगस्ट २०२५ मधली पुरवणीही त्यातलीच, त्या डिस्कचे कंट्रोलर बनवणाऱ्या फायसनने साडेचार हजार तास टेस्ट करून त्यांना तसं काही सापडलं नाही, मायक्रोसॉफ्टलाही नाही.

नवीन कॉम्प्युटर विकायचा डाव यावर मी भांडणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चांगली चालणारी जुनी मशीन ११ मध्ये बसत नाहीत, हा राग रास्तच आहे. पण तो वेगळा विषय, महिन्याच्या रिस्टार्टचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि अपडेट कधी चुकतच नाहीत असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट आठवा, काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईल गेल्या, चार दिवसांत थांबवावं लागलं, नोव्हेंबरात परत आलं. त्यामुळे मी स्वतः ऑफिसच्या मशीनवर पहिल्या दिवशी घेत नाही. पॉजचं बटण आहे, एक आठवड्यापासून पाच आठवड्यांपर्यंत, मी एकच आठवडा दाबतो, तेवढ्यात काही गडबड असेल तर बोंब होते आणि ११ तारीखही निघून जाते. पाच आठवडे दाबू नका, ते संपल्यावर आधी अपडेट घ्यायला लावतं मगच परत पॉज देतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या वायफायला मीटर्ड करून ठेवा, बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'गेट मी अप टू डेट' असं एक बटण आहे ते बंद आहे ना बघा, ते चालू असेल तर ॲक्टिव्ह अवर्स असूनही रिस्टार्ट होतो, आणि दोन ऑफिसात मला ते चालू सापडलंय, कोणी केलं ते अर्थात कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या जवळच रिस्टार्टची सूचना द्या असं एक आहे, ते चालू करा.

एकच जपा. अपडेटच्या पडद्यावर टक्के ३० वर अडकले म्हणून पॉवरचं बटण दाबून धरू नका, अडकलेले नसतात, हळू असतात, जुन्या हार्डडिस्कवर तर अर्धा-पाऊण तास. लाईट गेली तर विंडोज बहुतेक वेळा बदल मागे घेऊन परत उभं राहतं, पण बहुतेक म्हणजे प्रत्येक वेळा नव्हे, त्यामुळे गुरुवारी लोडशेडिंग असलेल्या गावात यूपीएसशिवाय गुरुवारी हे करायला बसू नका.

त्या २३ दिवसवाल्या मॅडमनी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसऱ्या आठवड्यातल्या एका बुधवारला पेन्सिलने गोल केलेला असतो, शेजारी 'गॅस' आणि 'दूधबिल' लिहिलेलं. त्या दिवशी सव्वासातला शटडाऊन न करता 'अपडेट अँड रिस्टार्ट' दाबतात, डबा धुऊन येतात, पडदा परत पासवर्ड मागायला लागला की मग शटडाऊन आणि भिंतीवरचं बटण. गेल्या महिन्यात आकडा विचारला तर म्हणाल्या सहा दिवस.