‘व्हार’ म्हणजे कचराकुंडी नव्हे

लिनक्स या संगणकप्रणालीतील बिन, ईटीसी, यूएसआर, व्हार ही डिरेक्टऱ्यांची, म्हणजे फोल्डरांची, मांडणी म्हणजे जुन्या काळचे निरर्थक ओझे असून ती थोडी ‘साफ’ केली की संगणक हलका होतो, असे सांगणारा एक मराठी संदेश गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर हातोहात फिरतो आहे. तो म्हापशाच्या माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला नसता, तर मी दुर्लक्ष केले असते. भाचा गावातील वाचनालयाचा संगणक सांभाळतो. संदेशातील तिसरा उपाय त्याने रविवारी दुपारी करून पाहिला आणि संध्याकाळी मला फोंड्याहून म्हापसा गाठावे लागले.

तो उपाय असा: ‘व्हारमध्ये फक्त लॉग आणि कचरा असतो, आतले सगळे पुसून टाका.’ लॉग म्हणजे संगणक आपल्या कामाच्या ठेवतो त्या नोंदी. व्हार हे ‘बदलते’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप आहे. संगणक चालू असताना ज्यात सतत भर पडते किंवा फेरफार होतो, ते येथे ठेवायचे असते. बदलते म्हणजे टाकाऊ, हा अर्थ संदेशकर्त्याने कोठून काढला ते त्यालाच ठाऊक. फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड या नावाचे एक लेखी मानक आहे. त्याचा पहिला अवतार 1994 साली निघाला आणि 3.0 ही आवृत्ती 2015 साली लिनक्स फाउंडेशनने प्रसिद्ध केली. त्यात व्हारच्या पोटातील ‘लिब’ आणि ‘कॅश’ यांत स्पष्ट भेद केलेला आहे. कॅशमधील, म्हणजे पुन्हा मिळवता येणाऱ्या तात्पुरत्या, फाइली कोणी हाताने पुसल्या तरी प्रोग्रामला त्यातून सावरता आलेच पाहिजे, असे बंधन मानक घालते. लिबमध्ये मात्र प्रोग्रामची चालू स्थिती, म्हणजे त्याची स्मृतीच, असते आणि तिला असे कोणतेही अभय नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा डेटा बहुतेक ठिकाणी तेथेच राहतो, आणि वाचनालयाची पुस्तकसूची व सभासदांची नोंद त्याच डेटाबेसमध्ये होती. कोणते सॉफ्टवेअर बसवलेले आहे याची डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची वहीसुद्धा लिबमध्येच असते. ती गेल्यावर संगणकाला आपल्याकडे काय आहे हेच कळेनासे होते. त्या वहीच्या जुन्या प्रती डेबियन जपून ठेवतो खरा, पण त्याही व्हारमध्येच. शेवटी चवथीआधी पेनड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीवरून सूची परत उभी केली. त्यानंतरच्या देवघेवीच्या नोंदी भाचा आता कागदी रजिस्टर उघडून एकेक करून भरतो आहे.

एवढे मान्य करतो की व्हारमध्ये पुसण्याजोगेही काही असते. डेबियनमध्ये ‘ॲप्ट क्लीन’ ही आज्ञा दिली की उतरवून घेतलेली सॉफ्टवेअरची पॅकेजे कॅशमधून निघून जातात आणि काहीही बिघडत नाही. पण कोणता कोपरा बिनधोक आहे हे आपल्याला आधीच माहीत असते, ते या ‘निरर्थक’ मांडणीमुळेच.

दुसरा उपाय याहून विनोदी आहे. ‘बिन आणि यूएसआरमधील बिन यांत त्याच फाइली दोनदा असतात, एक संच काढा.’ बिनमध्ये आज्ञांचे प्रोग्राम असतात. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराने 2012 साली हे दोन्ही एकत्र केले आणि डेबियन 12 पासून, म्हणजे 2023 पासून, तेथेही तेच आहे: वरचे बिन हा केवळ एक दुवा उरला असून एकच फाइल दोन वाटांनी दिसते. दुवा काढला तर मोकळी होणारी जागा जवळजवळ शून्य, आणि ज्या असंख्य स्क्रिप्टा, म्हणजे आज्ञांच्या याद्या, पहिल्याच ओळीत ‘/बिन/एसएच’ हा त्या याद्या चालवणारा प्रोग्राम मागतात त्या सगळ्या ठप्प. उलट यूएसआरमधील संच पुसला, तर ज्या आज्ञांनी दुरुस्ती करायची त्याच नाहीशा होतात.

यूएसआरचा उगम ‘यूझर’ या शब्दात आहे, हे संदेशातील विधान बरोबर आहे. बेल लॅब्स या अमेरिकी प्रयोगशाळेत लिनक्सची पूर्वज प्रणाली युनिक्स घडत असताना वापरकर्त्यांच्या फाइली तेथेच होत्या. पुढे पहिल्या डिस्कवर न मावलेले प्रोग्रामही तिकडे सरकले. पण म्हणून आज स्वतःचे फोटो तेथे ठेवा, हा सल्ला चुकीचाच. मानकानुसार यूएसआर हे फक्त वाचण्यासाठी, अनेक संगणकांना वाटून घेता येईल असे असावे. आपण स्वतः बसवलेल्या सॉफ्टवेअरसाठी त्यात ‘लोकल’ हा वेगळा भाग राखलेला आहे. प्रणाली अद्ययावत होताना त्याला धक्का लागू नये, एवढ्याचसाठी. आपल्या फाइलींची जागा होममध्ये, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात.

‘निक्सओएस हे मानक पाळत नाही, तरी चालते’ हा संदेशातील मुद्दाही अर्धा खरा आहे. निक्सओएस ही आणखी एक लिनक्स प्रणाली आपली पॅकेजे स्वतःच्या निराळ्या भांडारात ठेवते, पण ‘/बिन/एसएच’ तिलाही जागच्या जागी ठेवावे लागले आहे. आणि विंडोजला मांडणीच नाही म्हणणाऱ्याने सी ड्राइव्ह उघडून ‘प्रोग्राम फाइल्स’, ‘यूझर्स’ आणि ‘विंडोज’ ही नावे एकदा वाचावीत.

राहता राहिला भरलेल्या डिस्कचा प्रश्न, जिच्यामुळे भाच्याने हा उद्योग केला. सगळ्यात मोठे गाठोडे त्याच्याच होममधील डाउनलोड्समध्ये निघाले.