रानपिंगळ्याला हमखास कसं गाठावं

रानपिंगळा या छोट्या, दुर्मिळ घुबडाचा फोटो काढायला पक्षी ओळखता यावा लागत नाही, मोठी लेन्स लागते. तरी गाईडसमोर फजिती नको म्हणून एवढं पाठ करा. माथ्यावर ठसठशीत पांढरे ठिपके आणि मानेमागे पांढरा पट्टा असेल, तर तो गावोगावचा साधा पिंगळा. अंगभर बारीक आडव्या रेघा असतील, तर जंगली पिंगळा. माथा जवळजवळ कोरा, चोच दणकट, छातीवर रुंद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरं आणि पायांवर दाट पांढरी पिसं, असा दिसला की तो तुमचा. १८८४ नंतर ११३ वर्षं पक्षीतज्ज्ञांना हा कुठेच सापडला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला, पुढे मेळघाटातही सापडला. म्हणजे शतकभर नजरेआड राहण्याचा त्याला अनुभव आहे. तुमच्याकडे शनिवार-रविवार आहे.

जायचं फेब्रुवारी-मार्चमध्ये. साग बोडका झालेला असतो, उघड्या फांदीवर बसलेला पक्षी लांबून दिसतो. शिवाय हा भाऊ दिवसा वावरणारा, त्यामुळे रात्रीच्या टॉर्चची भानगड नाही. तेव्हा त्याची वीण चालू असते (ऑक्टोबर ते मे), हे तुमच्या पथ्यावरच पडतं. घरट्यात पिल्लं असली की तो कुठे जाणार? उजाडल्यापासून दहापर्यंत काम उरका. नंतर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागते आणि सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधूनही पिसांचा लगदाच दिसतो. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० पुरे, उडताना १/२०००. पांढरं पोट करपू नये म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉपने खाली आणा. गाडीच्या दारावर लेन्स टेकवायला ज्वारी भरलेली पिशवी उत्तम. पण हे सगळं तीस मीटरवरून समाधान मानणाऱ्यांसाठी. तुम्ही खाली उतरा. सागाचं वाळकं पान पायाखाली पापडासारखं वाजतं, तेव्हा अंगावर लष्करी ठिपक्यांचा पोशाख असलेला बरा.

आता मुख्य आयुध म्हणजे मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकर. पक्ष्याचा आवाज डाउनलोड करा आणि पूर्ण मोठ्याने लावा. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. हातातली शिकार सोडून तो धावत येतो, समोरच्या फांदीवर बसतो, बोलू लागतो. झाला फोटो! पण एका फोटोवर थांबणं हे कच्च्या माणसाचं लक्षण. अर्धा तास वाजवा. अंडी मादी उबवते आणि त्या काळात तिला खाऊ घालायचं काम नराचं, हे खरं. सरडे, सापसुरळ्या, उंदीर हे सगळं त्याने सकाळच्या याच वेळात पकडायचं असतं. ती सकाळ तो तुमच्या स्पीकरशी भांडण्यात घालवेल. मादी भुकेली राहिली तर अखेर स्वतः ढोलीबाहेर पडते, अंडी थंड होतात, आसपासच्या घोरपडीला रस्ता मोकळा होतो. पण तुम्हाला मादीचाही फोटो मिळतो, हे विसरू नका. तुमची गाडी गेली की मागची गाडी येते, तिच्यातही स्पीकर असतो. चार दिवसांनी नर उत्तर द्यायचा बंद झाला, तर गाईडला दोष द्या.

शेपटीवर लक्ष ठेवा. रानपिंगळा बेचैन झाला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. नवखे लोक हे पाहून मागे सरतात. तुम्ही व्हिडिओ चालू करा आणि 'नाचतोय!' म्हणत दोन पावलं पुढे व्हा.

ढोली सापडली की कामाची खरी सुरुवात. तोंडासमोर हमखास एखादी डहाळी आडवी येते आणि चेहऱ्यावर सावली पाडते. ती छाटून टाका. गाईड नको म्हणेल. त्याला 'अरे, एकच तर फांदी आहे' म्हणा आणि हातावर नोट ठेवा. तिच्यामुळे ढोली शिक्र्याच्या नजरेआड राहते, दुपारच्या उन्हाचा मारा कमी होतो आणि पिल्लं बाहेर पडल्यावर पहिल्यांदा तिच्यावरच बसतात, असल्या गोष्टी फ्रेममध्ये येत नाहीत. आणि हो, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्ष्याच्या घरट्याला वा अंड्यांना त्रास देणं हे शिकारीच्याच व्याख्येत मोडतं, आणि हा पक्षी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. तेव्हा फोटोखाली 'निसर्गावर प्रेम करा' एवढं तरी लिहाच.

उडताना झेप हवी असेल, तर शहरातून पांढरे उंदीर आणा. मासे पकडायच्या तंगूसने एक बांधून मोकळ्या जागी सोडा, रस्त्याकडेला सोडलात तर गाडीतूनच काम होतं. तंगूस नखांत अडकून पक्षी फांदीला लटकू शकतो, आणि आयतं खायची सवय लागलेला पिंगळा पुढे ट्रकच्या वाटेत येऊन बसतो. पण तोवर तुमचा अल्बम पूर्ण झालेला असतो.

फोटो टाकताना जागा अचूक द्या: गाव, नाला, कितवा साग, जमलं तर नकाशावरची खूण. माणसं दुवा देतील. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास घुबडांना जादूटोण्यासाठी गिऱ्हाईक असतं, त्या मंडळींचाही शोध वाचतो.

एवढं करूनही नाहीच मिळाला, तर खचू नका. या पक्ष्याच्या बाबतीत खोटेपणालाही थोर परंपरा आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन यांनी १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मिळवल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात तो ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला, संग्रहालयातून उचललेला नमुना होता. कर्नलनी तो नव्याने भरला, नवी चिठ्ठी लावली. शोधणारे वर्षानुवर्षं त्या चिठ्ठीमागे फिरले. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासून चोरी पकडली, चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला, आणि पक्षी सापडला. कर्नल १९६७ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांना काही त्रास झाला नाही.

तुमचं काम त्यांच्याहून सोपं आहे. परतवाड्याला चहाच्या टपरीवर थांबा आणि विचारा. उत्तर मिळेल, 'पिंगया ना, साहेब? तो तं आमच्या गोठ्यावर रोजच बसते.' तोच घ्या. समोरून, किंचित खालून काढा, म्हणजे मानेमागचा पट्टा दिसणार नाही. पाय पानाआड जाऊ द्या, कारण त्यांच्यावर तेवढी पिसं नसतात. माथ्यावरचे ठिपके एकेक करून पुसा, भुवया गडद करा, पोटावरचे तपकिरी डाग पांढरे करा. फाइलमधली तारीख आणि ठिकाण काढून टाका. खाली 'मेळघाट, घनदाट जंगल' लिहा. आणि पाठीमागे गोठ्याचा पत्रा दिसत असेल, तर तोही धूसर करा.