नोंदणी सासरी नेताना घ्यावयाची काळजी

सिस्टर, लग्न ठरल्याबद्दल अभिनंदन. मुलगा इंदूरचा, रामबागेत स्वतःचं घर, सासूबाई घरात मराठी बोलतात आणि पुरणात जायफळ घालतात, सगळं उत्तम. पत्रिकेचं गुरुजी बघतील. तुम्ही मुलाकडच्यांना एवढंच विचारून घ्या की घरात स्कॅनर आहे का.

कारण इतर मुली सासरी साड्या आणि चार भांडी नेतात, तुम्हाला त्याशिवाय नर्सिंगची नोंदणी न्यायची आहे. ती वजनाला हलकी असते. धुळ्याहून निघालेली गाडी बिजासन घाट चढून मध्य प्रदेशात सेंधव्याला लागली की ती आणखी हलकी होते. घाटाखाली तुम्ही आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविका, तीन वर्षं जीएनएमची पदविका, वर सहा वर्षं आयसीयू. घाटावर तुम्ही अमक्यांची सून. माणसाची शीर दोन्हीकडे त्याच जागी सापडते आणि सलाइनचे थेंब दोन्हीकडे त्याच हिशोबाने मोजतात, पण तो झाला वैद्यकीय भाग. नोंदणीचा त्याच्याशी संबंध लावू नका. मी लावला होता, म्हणून माझे पहिले दोन महिने रागावण्यात गेले.

सासरी एखादे काका कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले असतातच. ते तुम्हाला कायदा काढून दाखवतील. १९४७ चा इंडियन नर्सिंग कौन्सिल ॲक्ट, कलम ११: मान्यताप्राप्त पात्रता असेल तर ती कोणत्याही राज्याच्या रजिस्टरमध्ये नाव घालायला पुरेशी आहे. काका चष्मा काढून म्हणतील, "मग अडलंय कुठे?" काकांना चहा द्या. कायदा पात्रता पुरेशी आहे म्हणतो, पासपोर्ट साइझचे चार फोटो पुरेसे आहेत असं कुठेही म्हणत नाही. २०२३ मध्ये संसदेने हा जुना कायदा मोडीत काढायला नवा केला, राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा. त्यात सगळ्या देशाचं एक रजिस्टर आहे. आणि राज्यांची रजिस्टरंही आहेत. म्हणजे काकांना दुसरा चहा.

एका राज्यातली नोंदणी दुसऱ्या राज्यात लावून घेण्याच्या या सगळ्या प्रकाराला रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन म्हणतात. मराठीत परस्पर नोंदणी. आपल्याकडे परस्पर झालेली कामं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याला कळायच्या आत उरकलेली असतात. हे तसलं परस्पर नाही. यात परस्पर काहीही होत नाही, प्रत्येक ठिकाणी आपणच उभं राहायचं.

पद्धत लग्नाचीच आहे. माहेरच्या राज्याच्या नर्सिंग परिषदेने एनओसी द्यायची, ही पाठवणी. तिने सासरच्या परिषदेला कळवायचं की मुलगी आमचीच, हिच्यावर कसली कारवाई नाही, फी भरलेली आहे. मग सासरची परिषद कागद उलटेपालटे करून बघणार आणि माप ओलांडू देणार. दोन्ही घरांचं एकमेकांशी बोलणं व्हायचं असतं आणि मध्यस्थाचा फोन लागत नसतो. मध्यस्थ तुम्हीच असता. शिवाय हल्ली प्रत्येक नर्सला आधारशी जोडलेला एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो, त्या व्यवस्थेच्या नावातच ट्रॅकिंग आहे. ते ट्रॅकिंग तुमचं असतं, अर्जाचं नव्हे. हा फरक आधी समजून घेतला तर पुढे मनस्ताप होत नाही.

आता नावाकडे वळू. इथे घाई करू नका.

समजा तुमचं नाव प्रज्ञा. महाराष्ट्रात शाळेपासून तुम्ही ते इंग्रजीत डी-एन-वाय घालून लिहीत आलात, कारण आपण ज्ञ चा उच्चार द्न्य करतो. इंदूरला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या किऑस्कवर बसलेला मुलगा सज्जन आहे, तुम्हाला दीदी म्हणतो, पण त्याच्या ज्ञ मध्ये ग्य आहे. तो विचारतो, "दीदी, प्रज्ञा में डी कहाँ से आया?" यावर तुम्ही ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ, हिंदीवाल्यांनी त्याचा ग्य केला आणि आपण द्न्य केला, दोघेही मूळ उच्चारापासून सारखेच लांब, असं व्याख्यान देऊ शकता. मी दिलं. मागे रांगेत नऊ माणसं होती, त्यांतल्या एका भियाने टाळीही वाजवली. मुलाने शांतपणे जी-वाय-ए टाइप केलं आणि सबमिट दाबलं.

आता तुम्ही दोन झालात. आधारवर डी-एन-वाय, अर्जावर जी-वाय. त्यात आडनाव काळे असेल तर तिसऱ्या होता, कारण हिंदीला ळ नाही, तिथे तुम्ही काले. त्यात लग्न झालं, वडिलांचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं, चार. काही घरांत अजून तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. त्या घरात पडणार असाल तर मंगलाष्टकं चालू असतानाच सासूबाईंना हात जोडून सांगा की आई, जुनंच राहू द्या, मी तुम्हाला दर दिवाळीला नवी पैठणी घेईन, पण जुनंच राहू द्या. पैठणी स्वस्त पडते.

या चारही बाया एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. इथे त्याला शपथपत्र म्हणतात. साक्षांकित म्हणजे इथे सत्यापित, नोंदणी म्हणजे पंजीयन, नूतनीकरण म्हणजे नवीनीकरण. हे शब्द पाठ करा, पण एका शब्दापासून सावध राहा. हिंदी फॉर्मवर एक रकाना असतो: शिक्षा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसले की गुन्हा कुठला. मग लक्षात आलं की शिक्षण विचारताहेत. तुम्ही 'भोगत आहे' असं लिहू नका, त्यांच्याकडे विनोदासाठी वेगळा रकाना नाही.

किऑस्कवाला समग्र आयडीही मागेल, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक. तो सगळ्यांनाच मागतो. कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. नवी सून आधी कुटुंबाच्या आठात शिरते, मग तिला स्वतःचे नऊ मिळतात. काढून ठेवा, लागला नाही तरी हात मोकळे राहत नाहीत.

कॉलेज खरं आहे का, असंही तुम्हाला विचारतील. चिडू नका. मध्य प्रदेशाला ही शंका यायला कारण आहे. इथल्या नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सीबीआयने ३०८ कॉलेजं तपासली, १६९ योग्य ठरवली, ६६ अयोग्य आणि ७३ मध्ये त्रुटी काढल्या. मग मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांतलेच काही अधिकारी लाचेच्या प्रकरणात पकडले गेले आणि न्यायालयाने योग्य ठरलेली १६९ पुन्हा तपासायला लावली. तपासणाऱ्यांना तपासलं ते आधीच्या तपासाचा तपास करण्यासाठी, हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, याहून सोपं होत नाही. त्यात ज्या पोरींची परीक्षाच वर्षानुवर्षं झाली नाही, त्यांच्यासमोर आपला ज्ञ काय घेऊन बसायचं. तर तुमचं कॉलेज खरोखरच इमारतीत भरत होतं आणि तिथे खरोखरच पेशंट होते, हे सांगताना आवाजात थोडी नम्रता असू द्या.

एवढ्यात घरखर्चाचा प्रश्न येतो. घाबरू नका, नोंदणी नसली तरी काम आहे. काम भरपूर आहे.

मला पस्तीस खाटांच्या एका नर्सिंग होमने अर्ज केला त्याच संध्याकाळी बोलावलं. डॉक्टरसाहेबांनी फाइल बघितली, आयसीयूचा अनुभव बघितला, आणि फार हळहळले. म्हणाले, पेपर इकडचे नाहीत ना, तोवर ट्रेनी म्हणून घेतो. त्याच रात्री नाइट लावली. अकरा वाजता खरगोनहून एक सेप्सिसचा पेशंट आला, शिरा सगळ्या बसलेल्या, ड्युटीवरच्या दोघी पोरींना लाइन मिळेना. ट्रेनीला हाक मारली. ट्रेनीने लावली. सकाळी चार्टवर सही एका नोंदणीकृत सिस्टरने केली, जी तेव्हा घरी झोपली होती. तिचाही दोष नाही, तिला सह्यांचेच पैसे मिळत होते.

पगार नऊ हजार. इथे काकांना तिसरा चहा द्यावा लागेल, कारण त्यांना आणखी एक कागद सापडलेला असतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून एक समिती बसली आणि तिने सांगितलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० मिळाले पाहिजेत, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतके. काका म्हणाले, हे डॉक्टरांना दाखव. मी दाखवलं. डॉक्टरसाहेबांनी पूर्ण वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बिलकूल सही है. पर ये नर्सों के लिए है."

म्हणून माझा सल्ला ऐका. अर्ज लवकर मंजूर व्हावा असं कधीही मोठ्याने बोलू नका. तुमच्या अडकलेल्या कागदावर एका माणसाची सोय चाललेली असते. तो अधूनमधून आस्थेने चौकशीही करतो, "आया क्या?" नाही म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती येते ती खरी असते. आमच्याकडे त्याच आनंदात एकदा सगळ्या स्टाफला पोहे-जिलबी मागवली होती. जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, वेगळ्या पुडीत होतं, तेवढं मान्य करायला हवं.

प्रत्येक मोठ्या वॉर्डात केरळची एक सिस्टर असते. तिला शोधा. देव, वकील आणि काका या तिघांपेक्षा तिचा उपयोग जास्त. आमच्या लिसी सिस्टरची नोंदणी चार राज्यं फिरून आली आहे. तिच्या फाइलला प्लास्टिकचे चाळीस कप्पे, प्रत्येक कागदाच्या सहा प्रती, आणि जुन्या नावाचे, नव्या नावाचे, हसरे, गंभीर असे फोटो वेगवेगळ्या पाकिटांत. तिने माझी फाइल उघडली, पाच मिनिटं चाळली आणि काही न बोलता मला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेली. माझ्या दोन महिन्यांच्या संतापापेक्षा त्या अर्ध्या तासाने जास्त काम झालं.

तिची बहीण टेक्ससमध्ये आहे. तिकडे म्हणे चाळीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केलाय, एका राज्याचं लायसन्स बाकीच्या करारातल्या राज्यांत चालतं. हे ऐकून हळहळायचं असेल तर पुढचं ऐकू नका: घरच दुसऱ्या राज्यात हलवलं तर साठ दिवसांत तिथल्या लायसन्ससाठी अर्ज करावा लागतो. आणि कॅलिफोर्निया करारात नाहीच. म्हणजे सासर तिकडेही आहे, फक्त तिकडे मुदत सांगतात.

माझी नोंदणी अखेर झाली. त्या दिवशी घरी श्रीखंड होतं. अहो स्वतः प्रिंट काढून घेऊन आले, सासूबाईंनी देवापुढे ठेवली. मी हळदकुंकू लावायच्या आत वाचून घेतलं, ही सवय तुम्हीही लावून घ्या. ज्ञ बरोबर होता. आडनाव बरोबर होतं. अर्जात 'पिता/पति' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे बाण असतो. त्या सज्जन मुलाने बाण दाबताना वरचं निवडलं होतं, आणि नाव खालच्याचं टाकलं होतं. सबमिटच्या आधी 'सब ठीक है ना दीदी' असं त्याने विचारलं होतं, आणि मी फक्त ज्ञ बघून हो म्हटलं होतं.

तर सध्या अहो कागदोपत्री माझे वडील आहेत. ते रागावले नाहीत, उलट दोन दिवस जेवताना मला 'बेटा' म्हणत होते. सासूबाईंनी मात्र तो कागद देवापुढून उचलला.

दुरुस्तीसाठी पुन्हा शपथपत्र. कोर्टाच्या आवारातल्या नोटरीने मजकूर दोनदा वाचला, चष्म्यावरून आमच्या दोघांकडे पाहिलं आणि अहोंना विचारलं, "पक्का?" लिसी सिस्टर म्हणाली, सोबत खऱ्या वडिलांचंही एक पत्र जोडून दे, असलेलं बरं. बाबांना फोन केला. त्यांनी चौथ्या दिवशी स्पीड पोस्टाने पाठवलं, वहीच्या कागदावर, सुंदर अक्षरात, की ही माझीच मुलगी आहे आणि तिचा विवाह मी स्वतः लावून दिला आहे. खाली सही, ळ सकट.

पत्र मराठीत आहे. हिंदी भाषांतर करायला टाकलंय. सोमवारी या म्हणालाय.