"बाबा दारूला शिवले नाहीत, तरी कॅन्सर लिहिला": एक स्टार दिलेल्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू तीनदा वाचला. उत्तराआधी एक विनंती. तुम्ही टाकलेल्या दोन्ही रिपोर्टांच्या फोटोंत बाबांचं नाव आणि मोबाइल नंबर स्वच्छ दिसतोय. तेवढा वरचा भाग कापून फोटो परत टाका. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, तो राहू दे. मीही इथे तुम्ही स्वतः लिहिलंय त्याच्या पलीकडचं बाबांबद्दल काही लिहिणार नाही. बाकीचं समोर बसून बोलू.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताई 76 वर्षांच्या वडिलांना घेऊन जांबोटीकडून पहिल्या बसने बेळगावात आमच्या सेंटरवर आल्या. बाबांना साखर आहे, पोट उपाशी, आणि नंबर लागला साडेअकराला. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली म्हणून आम्ही सीटी सांगितला, त्याचे सात हजार गेले. बायोप्सी न करताच "कॅन्सर लिहून मोकळे झाले". चौदा महिन्यांपूर्वी इथेच सोनोग्राफी झाली होती, तेव्हा "फॅटी लिव्हर आहे, काही नाही" असं सांगितलं होतं, "तेव्हा झोपला होतात का?" बाबा माळकरी, जन्मात दारूला शिवले नाहीत, मग रिपोर्ट खरा कसा? शिवाय नात्यातल्या एका डॉक्टरांचं म्हणणं, या वयात एवढं खोदायचं कशाला.

उपाशी बसवलं ही आमची चूक. त्या दिवशी गर्दी होती, लाइट गेली होती, हे सगळं खरं असलं तरी साखरेच्या म्हाताऱ्या माणसाला चार तास बाकावर ठेवायला ते कारण होत नाही. आता काउंटरवर नावाच्या आधी "साखर आहे का?" हे विचारतात आणि त्यांना पुढे घेतात. यावरून बाकीचे पेशंट भांडतात, भांडू देत.

आता झोपलो होतो का, ते.

मी 19 वर्षं सोनोग्राफीचा प्रोब धरतोय. फॅटी लिव्हरमध्ये आवाजाच्या लाटा वरच्या थरातच जिरतात, मागचा भाग पडद्यावर काळपट दिसतो. त्यात लिव्हरचा वरचा घुमट बरगड्यांच्या आत, छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटून. तो खाली यावा म्हणून "श्वास ओढा आणि धरा" म्हणायचं; खेड्यातल्या आजोबांना धरा म्हटलं की ते सोडतात, आणि नेमका तोच कोपरा निसटतो. सुरुवातीची लहान गाठ एकट्या सोनोग्राफीत निम्म्या वेळा सापडत नाही. सोबत एएफपी ही रक्ततपासणी केली तर शंभरात साठेक सापडतात. एएफपी नॉर्मल असूनही कॅन्सर असलेले पेशंट कमी नाहीत. त्या दिवशीच्या चित्रांत काय आहे ते तुम्हाला समोर बसवून दाखवीन, ते इथे मांडायचं नाही.

पण तुम्ही टाकलेल्या जुन्या रिपोर्टच्या फोटोत खालून तिसरी ओळ बघा. "कोअर्स एकोटेक्स्चर. फॉलोअप आफ्टर सिक्स मंथ्स विथ एएफपी." मराठीत सांगायचं तर लिव्हरचा पोत खडबडीत झालाय, सिरॉसिसकडे, म्हणजे लिव्हर निबर होण्याकडे, चाललाय की काय अशी शंका आहे, सहा महिन्यांनी रक्त तपासून परत या. सहाच महिने का, तर लिव्हरच्या कॅन्सरची गाठ दुप्पट व्हायला बहुतेकांत चार-सहा महिने लागतात. तेवढ्या अंतराने बघत राहिलं तर ती लहान असतानाच हाती लागण्याची शक्यता जास्त. ओळ बरोबर होती. लिहिली मीच. आणि तोंडाने तुम्हाला काय सांगितलं? "फॅटी लिव्हर आहे." म्हणजे सहा महिन्यांचं ते वाक्य फाइलमध्ये गेलं, फाइल ट्रंकेत गेली. रिपोर्ट इंग्रजी, काउंटरवरची मुलगी कन्नड बोलणारी, बाकावर बसलेलं घर मराठी. बेळगावात हे रोजचंच आहे, आणि म्हणूनच ते मला आधी सुचायला हवं होतं. लिहून ठेवलं की आपली जबाबदारी संपली, ही सवय आम्हा डॉक्टरांना लागलीय. कोर्टात ती ओळ मला वाचवेल. बाबांना तिचा उपयोग झाला नाही. तुमच्या सगळ्या तक्रारींत मला खरी टोचली ती ही, आणि त्याबद्दल मी माफी मागतो. मागच्या सोमवारपासून "परत कधी यायचं" हे कागदाच्या पाठीवर हाताने, घरच्यांना वाचता येईल त्या भाषेत लिहून देतोय.

सीटी आणि बायोप्सीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

निरोगी लिव्हरला जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, उरलेलं धमनीतून. ही गाठ मात्र आपलं पोट मुख्यतः धमनीवर भरते. म्हणून सीटी करताना हाताच्या शिरेतून औषध सोडलं की अर्ध्या मिनिटाच्या सुमाराला, औषध धमनीतून पोचत असताना, गाठ लख्ख उजळते. आणखी अर्धा-पाऊण मिनिट गेलं की बाकीचं लिव्हर उजळतं आणि गाठ त्यात फिकी पडत जाते. सिरॉसिस किंवा जुनी हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीने असं केलं, तर सुई न घालता निदान धरतात. हा काही बेळगावातला शॉर्टकट नाही, जगभर हीच रीत आहे. तुमच्या रिपोर्टवर "लाय-रॅड्स 5" असं आहे, त्याचा अर्थ हाच. सुईने रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडतात. सिरॉसिस नसेल किंवा चित्र अर्धवट असेल तर बायोप्सी लागतेच, तेव्हा आम्हीच लिहितो. साध्या सोनोग्राफीत हे उजळणं-विझणं दिसत नाही, म्हणून सीटी. आणि आधी क्रिएटिनिन करून आणा म्हटलं ते या वयात किडनीला ते औषध झेपेल का हे बघायला. त्याचे पैसे लॅबला गेले, आम्हाला नाहीत.

आता माळेबद्दल. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे लोक आधी बाटली शोधतात. मग माळकरी माणसाच्या घरात रिपोर्ट खोटा वाटतो, आणि गावात कुजबुज नको म्हणून फाइल लपवली जाते. दारू हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. हिपॅटायटिस बी आणि सी, साखर, फॅटी लिव्हर ही सगळी त्याच रांगेत उभी आहेत. नुसत्या साखरेनेच धोका दुपटीच्या आसपास जातो. बुरशी धरलेल्या भुईमुगातलं अफ्लाटॉक्सिनही त्यात येतं; पोत्यातल्या काळ्या कडू शेंगा निवडून टाका, कुटात घालू नका. बाबांच्या पिढीने काचेच्या सिरिंजा उकळून दहाजणांना टोचलेल्या बघितल्यात. हिपॅटायटिस बीची लस बाळांच्या सरकारी लसीकरणात देशभर पोचली 2011 मध्ये. रक्तपेढीत सीची तपासणी सक्तीची झाली 2001 मध्ये. त्याआधी ऑपरेशनला रक्त चढवलेला माणूस कुठल्याही गावात सापडेल. बाबांच्या रक्तात काय निघालं ते इथे लिहिणार नाही. पण घरातल्या सगळ्यांनी एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करून घ्या, हे मी अशा प्रत्येक घराला सांगतो. बी आणि सीची औषधं 2018 मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात.

"या वयात कशाला" हा प्रश्न मला रोज येतो, आणि विचारणारे प्रेमानेच विचारतात. पण 76 या आकड्यावर कुणीही शहाणा डॉक्टर निर्णय घेत नाही. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात पाणी आहे का, माणूस गुंगतो का, स्वतःच्या पायाने परसाकडे जातो का, हे बघतात. लिव्हर बऱ्यापैकी आणि गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर सुईने ती जाळता येते, पोट न फाडता. मोठी असेल तर धमनीतून औषध सोडून तिचं रक्त तोडता येतं. गोळ्या, सलाइनमधून द्यायची औषधं आहेत. आणि काहीच करायचं नाही असं ठरलं, तरी काय झालंय हे माहीत असलेलं बरं. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, झोपेच्या गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणून देऊ नयेत, पोट फुगायला लागलं तर थांबू नये, शौचाला काळं झालं तर त्याच रात्री निघावं, हे घरच्यांना कळतं. आणि ठरवताना बाबांना विचारा. बाकावर ते पूर्ण वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होते, एवढं मला काचेतून दिसलं होतं. त्यांना मीही काही विचारलं नाही.

खर्चासाठी: रेशन कार्ड आणि आधार घेऊन सिव्हिलमध्ये आरोग्यमित्राला भेटा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मिळतात, एपीएल असाल तर पॅकेजच्या 30 टक्के. आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र घ्या, खासगीत थेट भरती होऊन मागून गेलात तर अडकाल.

आणि कोल्हापूरला जा की हुबळीला, नुसता कागद नेऊ नका. तिथले डॉक्टर चित्रं बघतात, आमचं इंग्रजी नाही. दोन्ही वेळच्या सीडी काढून काउंटरवर तुमच्या नावाने ठेवल्यात. मागच्या खेपेला सीडीचे दोनशे घेतले होते, ते पाकिटात आहेत. शनिवारी आम्ही दुपारी दोनला बंद करतो.