काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर: कोलोनोस्कोपी, 2022चा अभ्यास आणि मूळव्याध

नमस्कार काका,

कोलोनोस्कोपीवरच्या, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीवरच्या, माझ्या लेखाबद्दल तुम्ही मला चांगलंच झापलंत. तुमचं म्हणणं असं: धडधाकट माणसाने पंचेचाळिशीत आतड्यात नळी घालून घेणं हे अमेरिकेतलं फॅड आहे, 2022च्या युरोपातल्या अभ्यासाने ही तपासणी निरुपयोगी ठरवली आहे, भाकरी-भाजी खाणाऱ्यांना तिची गरज नाही, आणि हा सगळा हॉस्पिटलांचा धंदा आहे. शिवाय शेवटी जाता जाता स्वतःबद्दल एक वाक्य लिहिलंत. त्याकडे येतेच.

आधी तो अभ्यास. त्याचं नाव ‘नॉर्डिक’. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या 55 ते 64 वयाच्या सुमारे 28 हजार लोकांना तपासणीचं बोलावणं गेलं, 56 हजारांना गेलं नाही. दहा वर्षांत बोलावणं न गेलेल्यांपैकी 1.20 टक्के लोकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, गेलेल्यांपैकी 0.98 टक्के. या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे आकडे 0.31 आणि 0.28 टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. बातम्यांचे मथळे इथवर येऊन थांबले. पण ज्यांना बोलावलं, त्यांतले 42 टक्केच तपासणीला गेले! न गेलेलेही ‘बोलावलेल्यां’तच मोजले आहेत. आमंत्रण दिलेल्या सगळ्यांची पोटं चाचपून पंगतीतलं जेवण कसं होतं ते ठरवावं, तसं झालं हे.

अर्थात ही मोजणी चुकीची नाही. देशभर पत्रं पाठवावीत का, हे सरकारला ठरवायचं असेल तर असंच मोजायला हवं. पण ‘मी तपासणी केली तर मला काय फायदा’ हा प्रश्न वेगळा. त्याचाही अंदाज संशोधकांनी त्याच लेखात दिलाय: सगळे गेले असते तर कर्करोगाचं प्रमाण 1.22वरून 0.84 टक्क्यांवर आणि मृत्यूंचं 0.30वरून 0.15वर आलं असतं. हा अंदाजच आहे, कारण आपणहून तपासणीला जाणारी माणसं मुळात तब्येतीला जपणारी असतात. तरीही ‘निरुपयोगी’ हा शब्द त्यातून निघत नाही. शिवाय पॉलिपचा, म्हणजे आतड्यात आतून वाढणाऱ्या छोट्या कोंबाचा, कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, त्यामुळे मृत्यूंमधला फरक दिसायला दहा वर्षं कमीच.

धंद्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. इथे अमेरिकेत 2021पासून 45व्या वर्षी तपासणी सुरू करा असं सांगतात, आणि त्यावर पैसा करणारे आहेतच. पण ती कोलोनोस्कोपीच असली पाहिजे असं नाही. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणीही चालते. नेदरलँड्स दर दोन वर्षांनी तीच घरपोच पाठवतं. भारतात हा कर्करोग अमेरिकेपेक्षा बराच कमी आहे, आणि सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हेच आहेत. म्हणून भारतातल्या सगळ्यांनी रांग लावा असं मी लिहिलंही नव्हतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि भाकरी हे काही कवच नव्हे.

आता तुमचं ते वाक्य: ‘मला स्वतःला अधूनमधून रक्त पडतं, मूळव्याध आहे, चूर्ण घेतलं की थांबतं.’

काका, हा सगळा वाद काहीच त्रास नसलेल्यांसाठी आहे. तुम्ही त्यात बसतच नाही. अडुसष्टाव्या वर्षी रक्त पडत असेल तर ते कुठून येतं हे शोधायचं असतं. तिथे नॉर्डिकचे आकडे लागू नाहीत. मूळव्याध असण्याचीच शक्यता जास्त, हे खरं. पण ती आहे असं कोणी तपासून सांगितलंय का? की चूर्ण देणाऱ्याने नुसतं ऐकून ठरवलं? कर्करोगाच्या गाठीतलं रक्तही येतं, थांबतं, पुन्हा येतं, त्यामुळे चूर्णाने थांबलं हा पुरावा होत नाही. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकतात. एसटी स्टँडपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ लिहिलेलं असतं. त्या खात्रीपायी लोक महिनोन्‌महिने घालवतात. सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञाला दाखवा. ते आधी बोटाने तपासतील, हिमोग्लोबिन बघतील, आणि कोलोनोस्कोपी सांगितली तर ‘अमेरिकन फॅड’ म्हणून उठून येऊ नका.

तपासणीपेक्षा तयारीचा वैताग जास्त, हे खरं. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, तीळ, खसखस बंद. बिया आतड्यात राहतात आणि दुर्बिणीची नळी तुंबवतात. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं. गाळलेलं लिंबू सरबत चालतं, ताक नाही. कोकम सरबतही नाही, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाचं औषध खारट-बुळबुळीत लागतं. गार करून स्ट्रॉने प्यायलं तर जरा सुसह्य. निम्मं आदल्या संध्याकाळी, उरलेलं पहाटे, अलार्म लावून. शेवटी शौचाला नुसतं पिवळसर, स्वच्छ पाणी झालं की आतडं तयार. झोपेचं औषध देतात, त्यामुळे घरी न्यायला कोणीतरी हवंच, स्कूटरवर एकटे जाऊ नका. आणि रक्त पातळ करायची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर तारीख ठरवतानाच सांगा. मनाने बंद करू नका. कुठली, किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.